वीणा खाली ठेवली

मंगळवार, २८ जानेवारी २०२५. लातूर

आज पुन्हा खोटं बोलले. समोरच्या भांड्यांच्या दुकानातल्या कावेरीबाईंनी विचारलं, "मंजुश्री, ह्या टायमाला लई दिवस राहिलीस की घराकडं?" मी म्हणाले, अव्वाचे गुडघे दुखतात म्हणून आलेय. अव्वा, माझी आई, शेजारीच उभी होती. तिनं फक्त गुडघ्यावरून हात फिरवला. बिचारीनं माझ्या खोट्याला नकळत साक्षही दिली.

खरं कारण इथे तरी लिहावं. मी हार्प वाजवते, आणि हार्पवर जॅझ वाजवते. सत्तेचाळीस तारांचं, माणसाहून उंच वाद्य. त्यावर करंगळी चालत नाही, दोन्ही हातांची चार-चारच बोटं. डिसेंबरात बंगळूरच्या कार्यक्रमात माझ्या डाव्या हातातलं करंगळीशेजारचं बोट वाजवता वाजवता आत वळलं आणि उलगडेना. जोसेफ, गेली बारा वर्षं माझ्या साथीला खर्जातलं बेस वाजवणारा, तेच तेच वाजवत माझ्यासाठी थांबला. तो फार वेळ थांबला आणि तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. मी उठून विंगेत गेले ती परत आले नाही.

डॉक्टर म्हणाले, बोटात काही बिघाड नाही, मेंदूचा आणि त्या बोटाचा मेळ सुटलाय. हळूहळू पुन्हा शिकवावं लागेल. कदाचित शिकेल. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. पाय मोडला असता तर सांगितलं असतं. हे दुखणं वाटत नाही, चोरी पकडली गेल्यासारखं वाटतं.

शनिवार, १ फेब्रुवारी

बंगळूरचं घर सोडलं तेव्हा हार्प ठेवायला जागा नव्हती. आता ती गंजगोलाईजवळच्या आमच्या कापडदुकानाच्या मागे, गोदामात उभी आहे, गठ्ठ्यांच्या रांगेत. आज बघायला गेले. माझा धाकटा भाऊ शिवलिंग म्हणाला, "अक्का, गिऱ्हाईक इचारत्यात, मागं माग लावलाव का म्हनून. मी सांगितलो, हाव, पैठणी निघनार हाय."

हसले. मग त्याच्याकडे पाठ करून खोळीवरूनच तारा चाचपत राहिले.

हे वाद्य माझ्या आयुष्यात आलं तेही कापडापायीच. भूकंपाच्या वर्षी मी आठवीत होते. अप्पा गावागावांतल्या मदतछावण्यांत चादरी वाटायला जायचे, एकदा मला सोबत नेलं. तिथे एक परदेशी नर्स मांडीवर मावेल एवढी हार्प घेऊन लेकरांसमोर बसली होती. आजूबाजूला जे होतं ते होतं, आणि त्यात तो आवाज. तिनं मला एक तार छेडू दिली. मला त्या दिवशी आनंद झाला होता, आणि अशा ठिकाणी आनंद झाला म्हणून घरी येऊन मी जेवले नव्हते. पुढे पुण्यात बी.ए. करताना पियानो शिकले, मग हार्प. मग बंगळूरला एका हॉटेलच्या लॉबीत लोक सामान उचलत असताना आठ वर्षं वाजवलं. तिथेच जोसेफ भेटला. त्यानं विचारलं, "हे एवढं गोड कशाला वाजवता?" तिथून जॅझ सुरू झालं. हार्पला सात पेडल असतात, सूर चढवायला-उतरवायला. जॅझमध्ये सूर असे पळतात की पाय क्षणभर थांबत नाहीत. अप्पांनी एकदाच, मुंबईत, मला वाजवताना पाहिलं. म्हणाले, "वर देवी, खाली शिलाई मशीन."

त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं की कसं, अजून ठरवता आलेलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

अव्वाच्या समाधानासाठी सकाळची लिंगपूजा पुन्हा सुरू केली आहे. वीसेक वर्षं चुकवली होती. आमच्याकडे इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात, आणि नजर त्याच्यावरून ढळू द्यायची नसते. डावा तळहात! हे विसरलेच होते. लिंग ठेवलं, विभूती लावली, आणि ते बोट हळूहळू आत येऊ लागलं. आधी फक्त तारांवर वळायचं, आता देवासमोरही. अव्वा मांडीला मांडी लावून बसली होती. नशीब, तिची नजर तिच्या लिंगावर होती. मी उजव्या हातानं बोट दाबून धरलं.

चहा आज तिनं पेल्यात न देता कानाच्या कपात दिला. पाहुण्यांचे कप. पंचवीस वर्षं बाहेर राहिलेल्या मुलीला ती पाहुणीच समजते, याचं वाईट वाटलं. कणीक मळायला बसले तर परात ओढून घेतली. "राहू दे, तुला सवय न्हाई." भावजय, शिवकांता, एकदा माझ्याकडे बघून पुन्हा भाजी चिरू लागली. पंचेचाळिशीच्या बाईला कणीक मळता येत नाही, असं आता घरात सगळ्यांना वाटतंय.

सोमवार, १० फेब्रुवारी

नांदेडहून शेषेराव म्हणून एका गृहस्थांचा फोन. तिथे संगीत मंडळ चालवतात. महिला दिनाला, आठ मार्चला, माझा कार्यक्रम हवाय. "ताई, आपल्या मराठवाड्याची लेक आख्खं जग फिरली आणि आम्ही तुम्हाला मोबाईलवर ऐकून राहिलो! बरं दिसतं का?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि "कळवते" म्हणाले. का? कारण नाही म्हटलं की का ते सांगावं लागतं. आणि एक कारण आहे, तेही लिहिते. त्यांनी बोलावलं म्हणून बरं वाटलं. बोट न चालणारी बाई बोलावण्यानं सुखावली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

संध्याकाळी मठाजवळचे पंचाक्षरी काका वर्गणीची पावती द्यायला आले. शिवरात्रीला गल्लीत शिवनाम सप्ताह असतो, तो गेली कैक वर्षं तेच चालवतात. म्हणाले, "मंजू, तुझं ते वाद्य आन की मांडवात. लोकं म्हनतेत, ईश्वरप्पाची लेक वाजवती म्हनं, पर कुनी आइकलं न्हाई."

मी काही बोलायच्या आत अव्वा म्हणाली, "तिनं नेम धरलाय. शिवरात्र होईस्तोवर ते वाजवायचं न्हाई."

असा कुठलाही नेम मी धरलेला नाही. तर ती पुढे म्हणते, "वीणेच्या पहाऱ्याला मात्र तिचं नाव घाला. माझ्या मागचा पहारा."

काका खूश होऊन गेले. मी भडकले. "अव्वा, माझ्या वाद्याची एवढी लाज वाटते?"

"लाज कशाची?"

"मग नेम कशाला काढलास? आणि ती वीणा म्हणजे हार्प नव्हे. तिच्यात वाजवायचं काय असतं? कुठे बोट दाबायचं नाही, स्वर काढायचा नाही. आहे ती तार छेडत राहायचं."

"तेच की. वाजवायचं काय नसतं. खाली ठेवायची नसती, येवढंच."

"मग त्यात माझं काय काम?"

"हुबं राहायचं," ती म्हणाली आणि वाती वळायला बसली.

पंचवीस वर्षांची मेहनत आणि तार छेडणं यात तिला फरक दिसत नाही. असं मनात आलं, आणि असं मनात आलं म्हणून लगेच लाज वाटली. दोन्ही खरं आहे. कुठलं आधी आलं ते महत्त्वाचं असावं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सप्ताह बसला. वीणा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. सात दिवस, रात्रंदिवस, ती जमिनीला टेकत नाही. मी माझा पहिला पहारा केला. वीणेची मान डाव्या हातानं धरायची, उजव्या हाताच्या एका बोटानं तार छेडायची. बोट वळलं, पण मानेभोवती वळलं तर ते धरल्यासारखंच दिसतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. अव्वाला याची कल्पना असती तरी तिला याहून सोपं काम शोधता आलं नसतं, असा एक गमतीचा विचार आला.

एक तार उतरलेली आहे. ऐकवत नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

वीणा मी खाली ठेवली.

सरळ लिहिते. दुपारचा माझा पहारा. समोर पंधरा-वीस बाया नामस्मरण करत होत्या. ती उतरलेली तार चौथ्या दिवशीही तशीच. मी मनाशी म्हटलं, देवाच्या वाद्याचा सूर नीट असावा. (खरं तर मनात होतं, निदान एवढं तरी मला येतं हे लोकांना दिसू दे.) उभ्या उभ्याच डाव्या हातानं खुंटी पिळायला गेले. बोट आत वळलं, खुंटीत अडकलं, आणि वीणा खांद्यावरून निसटू लागली. पडून भोपळा फुटला असता. मी खाली बसले आणि ती सतरंजीवर टेकवली.

नाम थांबलं. असली शांतता मी दोनदाच ऐकली. पहिली डिसेंबरात.

"ठेवली!" कुणीतरी म्हणालं. "वीणा खाली ठेवली!"

पंचाक्षरी काका धावत आले. मी म्हणाले, "सूर लावत होते." तेव्हाही बोट लपवलं. पदरात.

आणि अव्वा मागून उठून आली, गुडघ्यावर हात देत. म्हणाली, "मीच सांगितले तिला. तार तुटंल, खाली ठेवून बघ म्हनून."

"शरणम्मा, चाळीस वर्सं झाली तुमी सप्ताहात. तुमाला ठाव न्हाई?"

"इसरले. म्हातारपन हाय."

ती कधी काही विसरत नाही. देगलूरच्या माहेरी कुठल्या कोनाड्यात काय होतं ते तिला अजून पाठ आहे. तिनं सगळ्या गल्लीसमोर स्वतःला विसरभोळी म्हणवून घेतलं, आणि मी गप्प राहिले. मठाच्या महाराजांनी विभूती लावून वीणा पुन्हा उचलून दिली. इथला नेम असा की ज्याच्याकडून वीणा टेकली त्यानं सप्ताह उठेपर्यंत रोज दुप्पट पहारा द्यायचा. तो अव्वाच्या वाट्याला गेला.

अप्पा घरी एवढंच म्हणाले, "झालं ते झालं. जेवून घ्या."

रविवार, २३ फेब्रुवारी

अव्वा उभी राहिली. मी खांबाआडून बघितलं. शेवटी शेवटी ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होती. घरी आल्यावर शिवकांता तिच्या गुडघ्यांना तेल लावत होती. मी जानेवारीत कावेरीबाईंना सांगितलेलं दुखणं आता तिला खरोखरच आलं. ते मी आणून दिलं.

तेलाची वाटी मागितली तर शिवकांता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई, तुमच्या हाताला कशाला तरास." सगळे मला असेच बाजूला सारतात. सारायलाच हवं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दुपारी मांडवात गेले. अव्वा वीणा घेऊन उभी, डोळे मिटलेले. पंचाक्षरी काका खुर्चीवर बसून केळी मोजून घेत होते.

मी म्हणाले, "काका, अव्वानं सांगितलं नव्हतं. ती मला वाचवतेय. ठेवली मी."

"का गं?"

"माझं बोट चालत नाही. डिसेंबरपासून. खुंटी पिळायला गेले आणि ते वळलं. वीणा पडत होती."

हे वाक्य मी जोसेफला नीट सांगितलेलं नाही, आणि केळ्यांच्या घडांसमोर उभी राहून सांगत होते. बाया नाम म्हणता म्हणता कान देऊ लागल्या.

"कुठलं बोट?"

हात पुढे केला. बोट सरळ! शाळेत हजेरीला उभं केल्यासारखं ताठ. कावेरीबाई वाकून बघत म्हणाल्या, "ब्येस तर हाय की."

आता खोटं बोलतेय असं वाटणार, या भीतीनं मी पुढे होऊन अव्वाच्या हातातल्या वीणेची मान धरली. बोट आत आलं.

"वळलं वळलं! बगा बाई!" कावेरीबाई ओरडल्या, जसा काही पक्षीच दिसला. दोन-चार बाया उठून बघायला आल्या. मला वाटलं होतं धरणी पोटात घेईल. एक बाई हसली, आणि मलाही हसू फुटलं. लाज गेली नाही, पण हसू आलं.

काकांनी आपला उजवा हात वर केला. तर्जनी अर्धीच होती. जन्मभर बघतेय त्यांना, पण ही कधी दिसली नव्हती. "कडब्याच्या अडकित्त्यात गेली. धा बोटं धड कुनाची हायत हितं? चालत न्हाई तर सांगायचं का न्हाई, खुळे? बांधून दिलो असतो की." आणि मांडवाबाहेर हाक मारली, "ए शिवलिंगा! दुकानातून पट्टी फाडून आन!"

शिवलिंगनं मांजरपाटाची लांब पट्टी आणली आणि वीणा माझ्या खांद्याला आणि कमरेला आवळून बांधली, गठ्ठा बांधावा तशी. वर म्हणतो, "अक्का, आता पळून गेलीस तरी वीनेसकट जाशील."

अव्वा म्हणाली, "धर नीट. मला बसू दे." ती बसली आणि मी तिचा उरलेला पहारा दिला. आता शेवटपर्यंतचा दुप्पट पहारा माझा आहे. ती उतरलेली तार अजून उतरलेलीच आहे. तास झाल्यावर तिच्याकडे लक्ष गेलं नाही, मग पुन्हा गेलं, मग पुन्हा नाही.

अव्वा माझ्या बोटाबद्दल काहीच बोलली नाही. विचारलंसुद्धा नाही. धक्का बसला असेल.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

परवा सप्ताह उठला, वीणा माझ्याच खांद्यावर होती. आज शेषेरावांना फोन केला. सगळं सांगितलं, अमुक बोट चालत नाही, मधेच थांबावं लागेल, तुम्ही दुसरं कुणी बघा. ते म्हणाले, "ताई, तुम्ही या. आमच्या इथं हार्प कुणी डोळ्यानं बघितला नाही. किती बोटं लागतेत ते कुणाला ठाव?"

बरं वाटलं, आणि मग अजिबात बरं वाटलं नाही. लोकांना कळत नाही म्हणून खपून जाणं, हे मला नको. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "तसं नव्हे ओ ताई. मला बोलता येईना. या, इतकंच म्हणतो."

मी येते म्हणाले. जोसेफला फोन केला. त्याला आधीच माहीत होतं. बारा वर्षं शेजारी उभा आहे, त्याला बोट दिसत नसेल? "तू सांगशील म्हणून थांबलो होतो," म्हणाला. इथेही तो थांबलाच!

पत्रिका आली. 'जॅझ' या शब्दाचं छापखान्यात 'झांज' झालंय. "सुप्रसिद्ध झांज व हार्प वादक." दुरुस्त करायला सांगणार होते. अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, झांज म्हटल्यावर माणसं जास्त येतील."

गोदामात रोज तासभर बसते. गठ्ठ्यांमुळे आवाज बाहेर जात नाही.

रविवार, ९ मार्च. नांदेड

काल झालं. दुकानाच्या टेम्पोत हार्प, मागे गाडीत अप्पा, अव्वा, शिवलिंग आणि मी. चाकूरला चहाला थांबलो तर टेम्पोभोवती माणसं जमली. शिवलिंगनं तिथेही पैठणीचा विनोद केला. जोसेफ बंगळूरहून परस्पर पोचला होता.

सुरुवातीला लोकांना बोटाचं सांगायचं असं ठरवलं होतं. माईक हातात आला आणि सांगितलं नाही. 'नमस्कार' म्हणाले आणि बसले. मांडवात केळ्यांसमोर जमलं ते सभागृहात जमलं नाही.

दुसऱ्या रचनेत बोट वळलं. मान खाली घालून तारा बघितल्या. हार्प उजव्या खांद्यावर टेकलेली असते. डिसेंबरात मी ती खांद्यावरून ढकलून उठले होते. काल ढकलली नाही. उरलेल्या बोटांनी, पायांनी, जेवढं येत होतं तेवढं वाजवलं, आणि त्या बोटाच्या जागा रिकाम्या ठेवल्या. जोसेफनं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि त्या जागा भरल्या नाहीत, त्यानंही रिकाम्या ठेवल्या. पुढे पुढे त्या रिकाम्या जागांचाच एक ताल झाला. हे बरं वाजवणं होतं का, मला सांगता येत नाही. डिसेंबरआधीची मी ऐकायला असते तर तिनं तोंड वाकडं केलं असतं. पण तिनं कधी शेवटपर्यंत असं वाजवलंही नव्हतं. संपलं तेव्हा हार्प खांद्यावरच होती.

एका आजोबांनी येऊन विचारलं, "छान झालं बाई. झांज कवा हाय?"

रात्री नांदेडातल्याच मावशीच्या घरी मुक्कामाला येताना अव्वा गाडीत म्हणाली, "मधी मधी थांबत व्हतीस."

"हो."

"तवाच मला आइकू यायचं."

आज सकाळी मावशीच्या देवघरात आम्ही दोघी पूजेला बसलो. लिंग डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली. बोट हळूहळू वळायला लागलं. मी उजवा हात पुढे करणार, तेवढ्यात अव्वाचा उजवा हात माझ्या तळहाताखाली आला आणि तिनं ते बोट अलगद उलगडून धरलं, जसं कापडाची घडी उलगडावी. कुठलं बोट, ते तिला चाचपावं लागलं नाही. तिच्या डाव्या तळहातावर तिचं लिंग होतं.

पूजेत नजर हलू द्यायची नाही, हे लहानपणी तिनंच मला शिकवलं.

"अव्वा, रोज पूजेला तुझं ध्यान कुठं असतं?"

"हितंच," ती म्हणाली.